सतरा नंबरची बशी

"अगं, डब्याच्या तळाशी त्रिकोणात पाच लिहिलंय. म्हणजे चांगला ना?"

वहिनीचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट पाच.

असले फोन मला येतात. एके काळी मी सहा वर्षं एका प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांची तपासणी करायचे. नातेवाइकांच्या लेखी याचा अर्थ असा की मला प्लॅस्टिकची कुंडली मांडता येते. डॉक्टर दिसला की लोक भर समारंभात जीभ बाहेर काढून दाखवतात, तसे मला डबे उलटे करून दाखवतात.

पाचाचं उत्तर सोपं आहे आणि ऐकणाऱ्याची हमखास निराशा करणारं आहे. हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने काढले ते भंगार निवडणाऱ्यांच्या सोयीसाठी. एक म्हणजे पीईटी, पाच म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि सात म्हणजे 'वरच्यात न बसलेलं बाकी सगळं'. त्यात काय ठेवावं, किती गरम ठेवावं, याच्याशी त्या त्रिकोणाचा संबंध नाही. अन्नासाठी म्हणून जी खूण असते ती वेगळी, पेला आणि काटा. पण ती बहुतेकांनी कधी निरखून पाहिलेली नसते.

"म्हणजे वाईट आहे का?" वहिनीने विचारलं.

"तसंही नाही."

"मग काय ते नीट सांग की!"

मी म्हटलं, संध्याकाळी फोन करते. नीट सांगायचं तर बशीपासून सुरुवात करायला हवी होती, आणि बशीची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही.

आमच्याकडे काचेच्या बशा होत्या, तळहातावर मावतील एवढ्या. प्रत्येकीच्या कडेला खाली नंबर कोरलेला. वेष्टनाचं सॅम्पल आलं की त्यात अन्न भरायचं नसे, अन्नाचं सोंग भरायचं. आंबट पदार्थाऐवजी तीन टक्के ॲसेटिक ॲसिड, पाणीदार पदार्थाऐवजी दहा टक्के अल्कोहोल, दुधासारख्या पदार्थाऐवजी पन्नास टक्के अल्कोहोल, तेलकटाऐवजी वनस्पती तेल. यांना सिम्युलंट म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना नटमंडळी म्हणायचे. भरलेली पिशवी चाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये दहा दिवस. वर्षभर कपाटात पडून राहणाऱ्या पुड्याची भूमिका हे दहा दिवस करतात.

अकराव्या दिवशी पिशवीतला द्रव बशीत ओतायचा आणि हळूहळू आटवायचा. पाणी जातं, अल्कोहोल जातं, ॲसिडही जातं. मागे राहतं ते वेष्टनातून उतरलेलं. बशी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करायची, वजन करायचं, परत तापवायची, परत गार, परत वजन. दोन वजनं जुळेपर्यंत हेच. रिकाम्या बशीचं वजन वजा केलं की आकडा मिळतो. बहुतेक वेळा डोळ्यांना काही दिसत नाही, काटा मात्र दोन-तीन मिलिग्रॅम दाखवतो. कधी तळाशी धुरकट कडं दिसतं, तव्यावर पाणी आटल्यावर दिसतं तसं. तेलाची तऱ्हा निराळी. तेल आटत नाही, म्हणून तिथे वेष्टनाची पट्टी कापून तेलात ठेवायची, पट्टीचंच वजन आधी आणि नंतर करायचं, आणि पट्टीने जे तेल पिऊन घेतलं ते काढून मोजून हिशेबातून वगळायचं. त्या कामाला आमच्यात कोणी आपणहून हात वर करत नसे.

या सगळ्या खटाटोपातून आपल्याला काय कळतं? वजन. एकूण किती उतरलं ते. काय उतरलं ते बशी सांगत नाही.

कायद्याची मर्यादा वेष्टनाच्या एका चौरस डेसिमीटरमागे, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनामागे, दहा मिलिग्रॅम. युरोपच्या प्लॅस्टिकसाठीच्या २०११ च्या नियमांत हीच आहे आणि भारतातही हाच आकडा वापरतात. किलोच्या भाषेत हेच साठ मिलिग्रॅम होतात, म्हणजे अन्नाच्या एका किलोत तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतकं प्लॅस्टिकचं काहीबाही. नवीन लागले तेव्हा मला वाटायचं, मर्यादा म्हणजे जवळजवळ शून्य असणार. शून्य नसतं. वेष्टन अन्नात थोडं उतरणारच, हे कायद्याने आधीच मान्य केलेलं असतं. त्याचा प्रश्न एवढाच की किती.

दहाचे साठ कसे होतात हे समजलं त्या दिवशी मला एका माणसाची ओळख झाली. तो कुठेच नाही, तरी या क्षेत्रातलं बरंचसं गणित त्याच्या जिवावर चालतं. त्याचं वजन साठ किलो. तो जन्मभर, रोज, वेष्टनातलं बरोबर एक किलो अन्न खातो. ते अन्न दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात भरलेलं असतं, घनाला सहा बाजू, म्हणून सहा चौरस डेसिमीटर प्लॅस्टिक. सहा गुणिले दहा, साठ. झालं.

कल्पना वाईट नाही. कुठूनतरी सुरुवात करावी लागते, आणि रोज किलोभर म्हणजे तसा उदार अंदाज आहे. पण मी घरी येऊन पट्टी घेतली आणि चमचाभर ऐवज मावेल अशी एक पुडी मोजली. पुढची-मागची बाजू मिळून चौरस डेसिमीटरच्या आसपास, आत जेमतेम दहा ग्रॅम. अशा पुड्यांचं किलोभर जमवायचं तर शंभर पुड्या, म्हणजे शंभर चौरस डेसिमीटर. घनाच्या हिशेबापेक्षा सोळा-सतरापट पृष्ठभाग. पुडी जितकी लहान तितकं अन्न वेष्टनाच्या जास्त जवळ. तान्ह्या मुलाचं उलटं गणित आहे: वजन पाच किलो, आणि वजनाच्या मानाने तो मोठ्या माणसाच्या कितीतरी पट खातो. लहान मुलांच्या अन्नासाठी हिशेब वेगळा धरतात, तेव्हा नियम लिहिणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. तरी पुढची सहा वर्षं प्रत्येक रिपोर्टवर सही करताना तो साठ किलोचा गृहस्थ माझ्या शेजारी उभा असायचा.

एकूण वजनाखेरीज दुसरा रस्ता म्हणजे नावानिशी मर्यादा. युरोपच्या यादीत प्लॅस्टिकसाठी परवानगी असलेले शेकडो पदार्थ आहेत, अनेकांपुढे त्यांची स्वतःची मर्यादा लिहिलेली. पीव्हीसी ज्यापासून बनतं ते व्हिनाइल क्लोराइड कर्करोगकारक, म्हणून त्याने अन्नात मोजता येईल इतकंही उतरायचं नाही. बाकीच्यांसाठी प्राण्यांवरचे प्रयोग बघून ज्या मात्रेला अपाय दिसत नाही ती मात्रा घेतात आणि बहुधा शंभराने भागतात. हे शंभर १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी सुचवले. पुढे त्याची फोड अशी रूढ झाली: प्राण्याकडून माणसाकडे येताना दहा, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी दहा. सत्तर वर्षं झाली, शंभर अजून जागेवर आहेत. अंदाजाला इतकं दीर्घायुष्य लाभलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण यादीतल्या नावांपेक्षा मला जास्त छळलं ते यादीत नसलेल्यांनी. प्लॅस्टिकमध्ये कोणी न घातलेले पदार्थही सापडतात. कच्च्या मालातली अशुद्धी, तापवताना तुटलेले तुकडे, दोन पदार्थांच्या भेटीतून जन्मलेला तिसरा. २००३ मध्ये काचेच्या बरण्यांतल्या लहान मुलांच्या अन्नात सेमिकार्बझाइड सापडलं. बरणी काचेची, झाकण पत्र्याचं, मग हे आलं कुठून? झाकणाच्या आतल्या बाजूला एक मऊ गोल पट्टी असते, ती. तिला फुगवण्यासाठी ॲझोडायकार्बनामाइड वापरत, आणि ते तापलं की त्याचा थोडा भाग सेमिकार्बझाइड होतो. २००५ पासून युरोपने त्याचा हा वापर बंद केला. काचेची बरणी म्हणजे निर्धोक, असं कोणी म्हणालं की माझा हात आपोआप झाकणाकडे जातो.

त्याच २००५ सालची दुसरी गोष्ट मला अजूनच आवडते, 'आवडते' हा शब्द इथे शोभत नसला तरी. इटलीत लहान मुलांचं दूध जप्त झालं, लाखो लिटर. त्यात आयटीएक्स नावाचा पदार्थ सापडला होता. छपाईची शाई अतिनील प्रकाशात झटकन वाळावी म्हणून तो शाईत घालतात. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला, दूध आतल्या, मधे कागद, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे थर. काही झिरपून आत जाण्याची शक्यता नाही. पण खोकं होण्याआधी तो माल गुंडाळीत असतो. गुंडाळीत एका वेढ्याची बाहेरची बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. शाई आरपार गेलीच नाही, ती शेजारून आली. ओल्या छपाईचे कागद एकावर एक ठेवले की मागच्या पानावर पुसट उलटी अक्षरं उमटतात, तसं. इथे उमटलेलं डोळ्यांना दिसत नव्हतं एवढंच. हे वाचल्यापासून मी कुठलंही वेष्टन बघताना त्याची गुंडाळी डोळ्यांपुढे आणते.

आता बिस्फेनॉल ए. त्याच्याबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, 'बीपीए फ्री' असं ठळक छापलेलं असतं ना, तेच. १८९१ मध्ये दियानिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं. १९३६ मध्ये लंडनला चार्ल्स डॉड्स यांनी दाखवून दिलं की ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. ते तेव्हा कृत्रिम संप्रेरकांच्या शोधात होते. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच पदार्थापासून पॉलिकार्बोनेट तयार झालं: पारदर्शक, न फुटणारं, बाटल्यांना झकास. पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी अस्तरातही ते गेलं. ज्याची ओळख आधी संप्रेरक म्हणून झाली होती त्याच्यापासून आपण बाळाच्या दुधाच्या बाटल्या केल्या. हे लपवलेलं नव्हतं. औषधवाले आणि प्लॅस्टिकवाले वेगळ्या कपाटातली नियतकालिकं वाचत होते.

पुढचं आकड्यांत ऐका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००६ मध्ये म्हटलं, शरीराच्या दर किलोमागे रोज पन्नास मायक्रोग्रॅम चालेल. २०१५ मध्ये म्हटलं, तूर्तास चार. एप्रिल २०२३ मध्ये म्हटलं, ०.२ नॅनोग्रॅम, म्हणजे एका मायक्रोग्रॅमचा पाच हजारावा भाग. आपल्या साठ किलोच्या गृहस्थाला २००६ मध्ये दिवसाला तीन मिलिग्रॅम पचणार होते, २०२३ मध्ये बारा नॅनोग्रॅम. अडीच लाख पटींचा फरक. गृहस्थ तोच, पदार्थ तोच, संस्थाही तीच. यावर जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने, तीही सरकारीच, हिशेब मान्य नाही म्हणून स्वतःचा आकडा दिला, तो हजारपट मोठा, दोनशे नॅनोग्रॅम. दोन्हीकडे शहाणी माणसं, दोघांसमोर साधारण तेच शोधनिबंध. कोणता प्रयोग जमेस धरायचा आणि पेशींमधल्या कुठल्या बदलाला 'अपाय' म्हणायचं, इथे त्यांची गाडी वेगळ्या रुळांवर गेली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरायला जवळजवळ सरसकट बंदी घातली, उद्योगांना मुदती देऊन.

अमेरिकेतली कथा मला वकिली विनोदासारखी वाटते. २०१२ मध्ये तिथे बाळाच्या बाटल्यांसाठीची बीपीएची परवानगी काढून घेतली. कारण काय दिलं? धोकादायक आहे म्हणून नव्हे. उद्योगाने वापर आधीच सोडला आहे म्हणून. तशी मागणी खुद्द रसायन उद्योगाच्या संघटनेनेच केली होती. घरातून निघून गेलेल्या भाडेकरूला घर खाली करण्याची नोटीस! पण आईबापांना वाटलं की सरकारने कडक पाऊल उचललं, आणि उद्योगाला 'घातक' असा शिक्का बसला नाही.

बीपीए काढून काय घातलं, हे 'बीपीए फ्री'च्या शिक्क्याखाली लिहीत नाहीत. अनेक ठिकाणी बीपीएस घातलं. नावातलं एक अक्षर बदललं, रेणूची ठेवण बरीचशी तीच आणि संप्रेरकांशी लगटही तशीच. आगीतून फुफाट्यात. म्हणून २०२४ च्या नियमात बीपीएच्या भावंडांनाही आत घेतलं, हे मला त्या नियमाचं सर्वांत शहाणं कलम वाटतं.

कागदाबद्दल बोलायला हवं, कारण हल्ली प्लॅस्टिक सोडून कागदाकडे वळलेले लोक माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघतात. युरोपात प्लॅस्टिकसाठी तपशीलवार कायदा आहे. कागद, पुठ्ठा, छपाईची शाई, डिंक यांच्यासाठी तसा सर्व देशांना समान तपशीलवार कायदा नाही. २००४ च्या चौकट-कायद्यातलं सर्वसाधारण वाक्य आहे की वस्तूने माणसाच्या आरोग्याला धोका पोचेल इतकं अन्नात सोडू नये. ज्या वस्तूवर लोकांचा जास्त विश्वास तिच्यावर कायद्याचं लक्ष कमी. झुरिकच्या सरकारी प्रयोगशाळेत कोनी ग्रोब यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांमधलं कोरडं अन्न तपासलं, तर त्यात खनिज तेल. जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी पुठ्ठ्यात जाते, रद्दीबरोबर शाईतलं तेल जातं, आणि ते वाफेच्या रूपाने उडून आतल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही अन्नात उतरतं. पुठ्ठ्याला अन्नाचा स्पर्श व्हायचीही गरज नाही. आणि तेल न शोषणारे ते गुळगुळीत कागद? कागदाला तेल न शोषण्याची बुद्धी आपोआप येत नाही. कित्येक वर्षं ती पीएफएएस नावाच्या फ्लोरिनयुक्त रसायनांनी दिली, जी निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. डेन्मार्कने २०२० मध्ये कागद-पुठ्ठ्यात त्यांना बंदी केली, अमेरिकेत अशा वापरासाठी त्यांची विक्री थांबल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि युरोपच्या नव्या वेष्टन कायद्यातली मर्यादा १२ ऑगस्ट २०२६ पासूनची.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं नाही. संध्याकाळी फोन करून एवढंच म्हटलं की गरम घालू नका, तेलकट फार वेळ ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये नको, आणि आतून ओरखडे पडून पांढुरका झाला की काढून टाका. उष्णता, तेल आणि वेळ, उतरण्याचं कारण बहुतेक या तिघांतच असतं.

"मग त्यात ठेवायचं काय? बटणं?" वहिनी म्हणाली.

"बटणं उत्तम."

"तुझ्याकडे आहे का असला डबा?"

"चार आहेत."

पलीकडे ती बराच वेळ हसली.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. एका पिशवीचं सॅम्पल होतं, कोणाचं ते आम्हाला माहीत नसे, नुसता कोड असे. बशी नंबर सतरा. द्रव आटल्यावर तळाशी पिवळसर, चिकट पापुद्रा राहिला, बोटाच्या नखाएवढा. वास होता. नव्या रबरी चपलेला येतो तसा, पण जरा गोडसर. वजन केलं, तापवून परत केलं, परत केलं. हिशेब आला चौरस डेसिमीटरला ९.१.

मी बशी घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी ती दिव्याखाली धरली, हुंगली, मग कागदावरचा आकडा पाहिला.

"दहाच्या आत आहे."

"हो. पण हे आहे काय, ते बघूया का?"

काय आहे ते कळतं. पापुद्रा विरघळवून यंत्रात सोडायचा, एकेक घटक सुटा होऊन येतो, त्यातल्या काहींची ओळख पटते, काहींपुढे 'अज्ञात' लिहावं लागतं. ओळख पटलेल्याची मर्यादा शोधायची. प्रत्येकाची सुटी, जणू बाकीचे त्या बशीत नाहीतच. एवढं करूनही सगळे मिळून काय करतात ते कळत नाही, पण निदान नावं तरी कळतात.

"ग्राहकाने फक्त एकूण वजन मागितलंय," मॅडम म्हणाल्या. "ओळखीचे पैसे वेगळे. त्यांनी भरलेले नाहीत." मग थोडं थांबून, काहीशा ओशाळून, "विचारून बघते मी त्यांना."

त्यांनी खरंच विचारलं. उत्तर आलं की गरज नाही, रिपोर्ट लवकर पाठवा. मी रिपोर्टमध्ये ९.१ लिहिलं, पुढच्या रकान्यात 'पास' लिहिलं. शेरा लिहायला जागा होती, तिथे 'अवशेष पिवळसर, वासयुक्त' असं लिहिलं होतं. अंतिम प्रतीत ती ओळ नव्हती. कोणी काढली ते मी विचारलं नाही.

बशी आठवडाभर डेसिकेटरमध्ये ठेवली. मग बशा कमी पडायला लागल्या. ॲसिटोन घातलं, पापुद्रा कडेने सुटला, दोन वेळा खळबळून ओतला. काच लख्ख झाली. तिचं रिकामं वजन केलं, ते मूळ वजनाशी चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळलं, आणि दुसऱ्या दिवशी सतरामध्ये पुढचं सॅम्पल ओतलं.